कोर्टातला जुना दावा "सापडत नाही" म्हणतात, तेव्हा नेमकं कुठं अडलेलं असतं

"सापडत नाही" एवढं एक उत्तर ऐकून माणसं घरी जातात आणि पुढं दोन-दोन वर्षं त्या फाइलीचं नाव काढत नाहीत, हे लई वेळा बघितलंय म्हणून लिहायलोय. मी वकील नाही. तालुक्याच्या गावी एका दिवाणी वकिलांकडं कारकून आहे, अठरा वर्षं झाली. नक्कल म्हणजे कोर्टाच्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत काढणं, रेकॉर्ड रूमला अर्ज लावणं, जुन्या दाव्याचा नंबर हुडकणं हेच रोजचं काम. माझा अनुभव असा की फाइल खरंच नाहीशी झाल्याचं क्वचित निघतं, बाकी वेळी आपण चुकीच्या नंबरानं, चुकीच्या वर्षात नाहीतर चुकीच्या कोर्टात शोधत असतो.

नंबरच माहीत नाही, किंवा आहे तो लागत नाही

रेकॉर्ड रूममध्ये कपड्यात बांधलेले बस्ते असतात, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथं जाऊन "आमच्या आजोबांचा भाऊबंदकीचा दावा होता, ऐंशीच्या आसपासचा" असं म्हणून काहीच होत नाही. दाव्याचा प्रकार, नंबर, वर्ष, पक्षकारांची नावं आणि शक्य असेल तर निकालाची तारीख एवढं हातात असल्याशिवाय तिथला माणूस तरी काय काढून देणार?

नंबर घरात नसला तर आधी तलाठ्याकडं जा. सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतात, ते वर्तुळात लिहिलेले, त्यातला कोर्टाच्या निकालानं झालेला फेरफार काढा. त्या फेरफाराच्या मजकुरात कोर्टाचं नाव, प्रकरण नंबर आणि निकालाची तारीख बहुतेक वेळा लिहिलेली असते. जुने फेरफार तलाठ्याकडं नसले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, आणि काही ठिकाणचे स्कॅन करून 'आपले अभिलेख' साइटवर पण टाकलेत. खरेदीखतात "सदर मिळकतीबाबत दावा चालू होता, तो निकाली निघाला" असं वाक्य घालायची पद्धत आहे, तिथंबी नंबर सापडतो. बँकेकडून पीककर्ज किंवा गहाणखत झालं असेल तर वकिलांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीचे कागद तपासल्याचा अहवाल बघा. ज्या वकिलांनी दावा चालवला ते हयात नसले तरी त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या डायऱ्या कुणीतरी ठेवलेल्या असतात, आमच्याकडं तर १९७१ पासूनच्या आहेत.

आता नंबर आहे पण लागत नाही, ही त्याच्यापेक्षा नेहमीची तक्रार. माझ्या स्वतःच्या आत्याचं असंच झालं. तिच्या वाटणीच्या निकालावरून फेरफार झालेला, त्यावर नंबर होता, आम्ही त्या नंबरानं सात-आठ महिने दावा शोधत राहिलो आणि दर वेळी त्या नंबरावर दुसऱ्याच कुणाचा तरी मनाईचा दावा निघायचा. शेवटी फेरफाराची मूळ वहीच बघायला मागितली तेव्हा कळलं की नक्कल करणारानं "दरखास्त" हा शब्द गाळून नुसता नंबर लिहिला होता. तो नंबर दाव्याचा नव्हताच, दरखास्तीचा होता. दरखास्त म्हणजे निकाल लागल्यावर त्याची अंमलबजावणी करून घ्यायला दिलेलं वेगळं प्रकरण, त्याला वेगळा नंबर आणि वेगळं वर्ष पडतं. पण दरखास्तीच्या अर्जात मूळ दाव्याचा नंबर आणि डिक्रीची म्हणजे हुकूमनाम्याची तारीख लिहावीच लागते, त्यामुळं दरखास्त सापडली की दावा सापडलाच समजा. आम्हाला चार दिवसांत सापडला.

म्हणून नंबराच्या अलीकडं काय लिहिलंय ते आधी नीट वाचा. आरसीएस म्हणजे रेग्युलर सिव्हिल सूट, मराठी कागदावर हाच रे.मु.नं. किंवा रे.दि.दा. असा दिसतो. स्पेशल सिव्हिल सूट वेगळा, तो वरिष्ठ स्तर न्यायाधीशांकडं, साधारण दाव्याची किंमत पाच लाखाच्या वर असली की. आरसीए म्हणजे जिल्हा न्यायालयातलं अपील. आरडी म्हणजे रेग्युलर दरखास्त. एलएआर म्हणजे भूसंपादनाच्या वाढीव मावेजाचं, मोबदल्याचं प्रकरण. वारसा प्रमाणपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट हे दावे नसतात, ते किरकोळ दिवाणी अर्जात म्हणजे सिव्हिल एमएमध्ये नोंदलेले असतात, आणि लोक ते आरसीएसच्या रजिस्टरात शोधून "नाही" म्हणून परत येतात. नंबर तोच, वर्ष तेच, प्रकार बदलला की प्रकरण दुसरंच.

ई-कोर्ट्सवर "रेकॉर्ड नॉट फाउंड" येतंय

ई-कोर्ट्स म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांची ऑनलाइन माहिती. मोबाइलवर ॲप आहे, साइट आहे, दोन्हीकडं फुकट बघता येतं, लॉगिन लागत नाही. १६ अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या एकाच प्रकरणाचा असलेला नंबर, हातात असला तर काही प्रश्नच नाही, तो टाकला की थेट प्रकरण उघडतं. सुरुवातीला राज्य आणि जिल्ह्याची मिळून चार अक्षरं, मग कोर्टाचे दोन आकडे, मग सहा आकडी नंबर आणि शेवटी चार आकडी वर्ष अशी त्याची रचना. मधले शून्य सोडू नका, निम्म्या वेळी घोळ तिथंच असतो.

सीएनआर नसला तर पक्षकाराच्या नावानं शोधा, पण नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकलेलं असतं आणि ते स्पेलिंग ज्या कर्मचाऱ्यानं भरलं त्याच्या कानाला जसं आलं तसं. ज्ञानोबाचं स्पेलिंग जी-पासून पण होतं, डी-पासून पण होतं. विठ्ठलमध्ये एक टी की दोन, टीच्या पुढं एच आहे की नाही. तर पूर्ण नाव टाकूच नका, आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि यादी वाचून काढा. वादी म्हणून नाही सापडलं तर प्रतिवादीच्या नावानं बघा. दावा अनेकांनी मिळून केला असेल तर पहिल्या नंबरच्या वादीचं नाव वरती दिसतं, तुमच्या वडिलांचं नाव पाचव्या नंबरला असलं की ते चटकन नजरेत येत नाही.

अजून एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. तिथं चालू आणि निकाली असे दोन गोल असतात, ते चालूवर लागलेलं असतं. वीस वर्षांपूर्वी निकाल लागलेला दावा चालूमध्ये कसा दिसेल? निकालीवर नाहीतर दोन्हीवर टिचकी मारा. वर्ष सुद्धा एक मागं, एक पुढं करून बघा, कारण डिसेंबरात दाखल केलेला दावा जानेवारीत रजिस्टर झाला की नवीन वर्षाचा नंबर पडतो.

जिल्ह्याच्या यादीत औरंगाबाद आणि उस्मानाबाद दिसलं नाही म्हणून गोंधळू नका, २०२३ ला नावं बदलली, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव बघा, आणि नवीन दिसलं नाही तर जुनं बघा. जुन्या निकालपत्रांवर जुनीच नावं राहणार.

एवढं करूनही नसलं तर बहुतेक तो दावा कोर्टात कम्प्युटर यायच्या आधी निकाली निघालाय. असे कितीतरी दावे साइटवर नाहीत. साइटवर नाही याचा अर्थ रेकॉर्ड रूममध्ये नाही असा धरू नका. तिथून पुढं कागदी रजिस्टरच. दावा रजिस्टरात त्या वर्षाचा दावा, वादी-प्रतिवादी, निकालाची तारीख, पुढं अपील झालं का, असं सगळं एका ओळीत असतं. त्यासाठी शोध अर्ज द्या, आणि लेखीच द्या.

कोर्टच चुकतंय

मराठवाड्यात हा घोळ जास्त, कारण जिल्हे फुटलेत. जालना १ मे १९८१ ला औरंगाबादमधून निघाला, परतूर परभणीतून तिकडं गेलं. लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून. महसुली जिल्हा वेगळा झाला म्हणून कोर्टाचं सगळं रेकॉर्ड त्याच दिवशी ट्रकात भरून गेलं असं होत नाही. १९७८ ला लातूरकडच्या कुणाचं अपील निकाली निघालं असलं तर ते तेव्हाच्या जिल्हा न्यायालयाचं रेकॉर्ड, म्हणून धाराशिवला विचारा. आमच्याकडं वसमत, कळमनुरीचे लोक हिंगोलीला चकरा मारतात आणि कागद परभणीला असतो.

तालुक्याला नवीन कोर्ट झालं की चालू दावे तिकडं वर्ग होतात आणि तिथं त्याला नवीन नंबर पडतो. म्हणजे एकाच दाव्याचे दोन नंबर. रोजनाम्यात, म्हणजे दाव्यात कोणत्या तारखेला काय झालं त्या टिपणात, वर्ग झाल्याची नोंद असते. दाव्याची किंमत वाढवून घेतली तरी दावा वरच्या कोर्टात जातो, तेव्हाही असंच.

आणि जे कागद दिवाणी कोर्टाचे नाहीतच ते तिथं मागू नका. कुळाचं प्रकरण, रस्त्याचं प्रकरण, फेरफारावरचं अपील, हे तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी यांच्याकडचं. लोक त्यालाबी "कोर्टात केस होती" म्हणतात, त्यामुळं म्हाताऱ्या माणसाला विचारताना काळा कोट घातलेले जज होते का तहसीलदार होते, एवढं विचारून घ्या.

नंबर बरोबर, कोर्ट बरोबर, तरी बस्त्यात फाइल नाही

इथं सगळ्यात जास्त माणसं हाय खातात. फाइल चोरली, विरुद्ध पार्टीनं पैसे देऊन गायब केली असं लगेच बोलायला लागतात. आधी हे बघा की अपील झालं होतं का. अपील झालं की वरचं कोर्ट खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवून घेतं, आर अँड पी म्हणतात त्याला, आणि मूळ फाइल वर जाते. जिल्हा न्यायालयात अपील झालं तर तिथं. त्याच्यावर दुसरं अपील झालं तर खंडपीठात. मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबादला कामकाज २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं, त्याआधीची, १९५६ पासूनची मराठवाड्याची दुसरी अपिलं मुंबईला. दुसरं अपील पंधरा-वीस वर्षं पडून राहिलं की फाइलही तितकी वर्षं वरच. खालच्या रेकॉर्ड रूममध्ये फाइल पाठवल्याची नोंद असते, जावक नंबर आणि तारीख. ती मागा. तो जावक नंबर घेऊन वरच्या कोर्टात गेलात तर काम होतं, नुसतं "आमची फाइल इकडं आलीय का" विचारून होत नाही.

दुसरी जागा तहसील. शेतजमिनीच्या वाटपाचा दावा असला तर कोर्ट हिस्से ठरवतं, पण प्रत्यक्ष जमिनीचे तुकडे पाडून द्यायचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्याकडं जातं, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेखची मोजणी. त्यासाठी डिक्रीची प्रत आणि कोर्टाचं पत्र तिकडं गेलेलं असतं. मग नकाशा कुठं, ताबा पावती कुठं, तर तहसीलच्या त्या संचिकेत. माझ्या आत्याच्या वाटणीचा नकाशा तिथंच निघाला, पानं एकमेकांना चिकटलेली, पण गटाच्या खुणा स्वच्छ.

तडजोड लोकअदालतीत झाली असेल तर अवॉर्डची म्हणजे तिथल्या निवाड्याची प्रत विधी सेवा समितीकडंपण बघा. तो अवॉर्ड डिक्रीसारखाच.

नक्कल अर्ज दिला, पण मिळेना

अर्जात "संपूर्ण फाइलची नक्कल" लिहिलं की वेळ आणि पैसा दोन्ही जातं. काय पाहिजे ते निशाणी नंबरासहित लिहा, निशाणी म्हणजे फाइलीतल्या कागदाला पडलेला नंबर. दावा म्हणजे निशाणी १. तूर्त मनाईचा अर्ज आपल्याकडं निशाणी ५. लेखी कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर, कागदांची फेरिस्त म्हणजे यादी, साक्षीचे जबाब, प्रत्येकाला निशाणी असते. निशाण्या माहीत नसल्या तर आधी रोजनाम्याची नक्कल घ्या, पानं थोडी असतात आणि दाव्यात कधी काय झालं, कोणता कागद किती निशाणीला लागला हे त्यात उतरलेलं असतं. किंवा वकिलामार्फत फाइल पाहणीचा अर्ज करून पेन्सिलीनं टिपून घ्या.

निकालपत्र आणि डिक्री, म्हणजे हुकूमनामा, हे दोन वेगळे कागद आहेत. फेरफाराला, दरखास्तीला डिक्री लागते, आणि निम्मे लोक फक्त निकालपत्र घेऊन तहसीलला जातात आणि परत येतात. ई-कोर्ट्सवरून डाउनलोड केलेली पीडीएफ वाचायला ठीक आहे, पण तिच्यावर सही-शिक्का नाही, ती कुठं दाखल करायला चालत नाही.

अर्ज देऊन घरी बसू नका. पानं मोजून फी सांगितली जाते, कमी पडलेली कोर्ट फी तिकिटं वेळेत भरली नाहीत तर अर्ज तसाच दप्तरी लागतो. नोटीस बोर्डावर यादी लागते, ती बघत चला. नक्कल हातात आली की मागच्या बाजूला अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा बघा, अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणं वगळला जातो, म्हणून त्या तारखांना किंमत आहे. तयार झालेली नक्कल महिनाभर न उचलता ठेवली तर तो वेळ तुमच्याच अंगावर.

तुम्ही त्या दाव्यात पक्षकार नसाल तर अर्जाबरोबर कारण लिहून शपथपत्र लावा, न्यायाधीशांचा आदेश झाल्यावर मिळते. मयत पक्षकाराचे वारस असाल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. माहिती अधिकारात मागायला जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की कोर्टाच्या फाइलमधल्या कागदांच्या नकला कोर्टाच्याच नियमानं मागायच्या.

तिऱ्हाईत म्हणून नक्कल कधी लागते याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे धरणात गेलेल्या जमिनी. शेजाऱ्यानं कोर्टात जाऊन मावेजा वाढवून घेतला, आपण गेलो नव्हतो, तर १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम २८-अ होतं, २०१३ च्या कायद्यात कलम ७३ आहे, की त्याच अधिसूचनेतल्या बाकीच्यांनीबी त्या निकालाच्या आधारानं अर्ज करावा. पण तीन महिन्यांच्या आत. नक्कल मिळवायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. म्हणून शेजाऱ्याच्या एलएआरचा निकाल लागल्याचं कळलं की त्याच आठवड्यात नक्कल अर्ज लावा. तीन महिने असेच गेले म्हणून हक्काचा पैसा बुडालेली माणसं मी स्वतः बघितलीत, त्यांना समजावून सांगताना फार वाईट वाटतं.

पैशाची अडचण असेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन लावा नाहीतर तालुका विधी सेवा समितीत जा. बायामाणसांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

निजामाच्या काळातला कागद

१७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचं आणि नंतरची पण काही वर्षं कोर्टाचं काम उर्दूत. मिसल म्हणजे फाइल, मुद्दई म्हणजे वादी, मुद्दाअलैह म्हणजे प्रतिवादी, फैसला म्हणजे निकाल. वर्ष फसली असतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १३५२ फसली म्हणजे १९४२-४३. त्यांचं साल ऑक्टोबरात बदलायचं म्हणून पुढचं इंग्रजी वर्षही बघावं लागतं. लोक १३५२ ला हिजरी समजून हिशेब करतात आणि नऊ-दहा वर्षं चुकतात.

आकडे वाचताना जपून. उर्दूतला दोन आणि तीन यांच्यात एका दात्याचा फरक, आणि सात-आठ एकमेकांचे उलटे. जुन्या शाईत तो दाता पुसला की मिसल नंबरच बदलतो. म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून वाचून घेऊ नका, कागद घेऊन जाणकार माणसाकडं बसा. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाल्यापासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या माणसांकडं गर्दी आहे, पण माणसं आता माहिती तरी झालीत. कोर्टात नसलं तर छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आणि हैदराबादचं तेलंगणा राज्य अभिलेखागार, या दोन जागा आहेत. जमिनीपुरता प्रश्न असेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रक काढा, त्यावेळी ताबा कुणाचा होता ते कळतं आणि दाव्याचा माग लागतो. मात्र तिथं सर्व्हे नंबर असतो, आजचा गट नंबर नाही, दोन्हीचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेखमधून आधी घ्या.

खरंच नष्ट झाली असेल तर

निकाली फाइलीतले सगळे कागद कायम ठेवत नाहीत. समन्स, वकालतनामा, किरकोळ अर्ज लवकर काढून टाकतात, निकाल आणि डिक्री जास्त जपतात. जुने अभिलेख नष्ट करण्याच्या १९१७ च्या कायद्याखाली नियम आहेत आणि नष्ट केलेल्याची नोंद ठेवतात. म्हणून तोंडी "नष्ट झालं" ऐकून निघू नका, तसं लेखी मागा. नक्कल अर्जावरच शेरा मारून देतात. तो शेरा पुढं फार कामाला येतो, मूळ कागद मिळत नाही म्हणून दुय्यम पुरावा द्यायचा तर आधी तेच दाखवावं लागतं.

फाइल नष्ट केल्याची नोंद नाही आणि सापडतही नाही, तर फाइल पुन्हा उभी करायचा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. त्यासाठी दोन्ही बाजूंकडच्या प्रती गोळा करतात. मागच्या साली एका कुटुंबाच्या १९७४ च्या डिक्रीसाठी आम्ही असंच फिरलो, तहसील झालं, दुय्यम निबंधक झाले, सोसायटीचं दप्तर झालं. शेवटी ज्या चुलतभावाविरुद्ध दावा होता त्याच्या घरी गेलो. दोन घरांचं पन्नास वर्षं येणं-जाणं नव्हतं. म्हातारा वारला होता, सुनेनं बसायला सतरंजी टाकली, चहा दिला, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात सही-शिक्क्याची नक्कल होती, घडीवर फाटलेली, पण तारीख आणि नंबर दोन्ही शाबूत.